आधी पान, मग गूगल

नमस्कार मंडळी, काय म्हणताय. पाऊस थांबलाय, आपल्या ठाण्याचा घोडबंदर रोड थांबलेलाच असतो, तेव्हा गाडीत बसून ऐकणाऱ्यांकडे आज भरपूर वेळ आहे असं धरून चालतो.

विषय असा, की गूगलवर आपलं नाव टाकलं, किंवा दुकानाचं, क्लासचं, आणि वरच कोणीतरी आपल्याबद्दल लिहिलेलं वाईटसाईट काहीतरी आलं, तर करायचं काय. उत्तर तीन-चार शब्दांचं आहे आणि ते मी आज चारदा सांगणार आहे, कारण मला ते फार उशिरा कळलं. आधी पान, मग गूगल. पान म्हणजे साईटवर जिथे ते लिहिलंय ते वेबपान. लिहिणारा एक, ते ज्याच्या साईटवर आहे तो दुसरा, आणि गूगल नुसतं बोट दाखवणारं तिसरंच. बोट दाबून धरलं तरी लिहिलेलं तिथेच राहतं.

आता माझ्या आत्याची गोष्ट. आत्या नौपाड्यात राहते, बरीच वर्षं डबे देते, संकष्टीला मोदक. तिच्या धंद्याचं नाव देवीचं आहे, सांगत नाही, पण तुमच्या स्टेशनच्या आसपासही त्या नावाचं एक पोळीभाजी केंद्र असणारच. मोदक हाताचे बरं का, साच्याचे नाहीत, आणि साच्याच्या मोदकाला मोदक म्हणावं की नाही यावर माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर आपला एक अख्खा कार्यक्रम गेला होता. असो.

तर गणपतीच्या दोन आठवडे आधी वसंत विहारच्या एका नेहमीच्या ताईंचा फोन आला, एकशे एक मोदकांची ऑर्डर रद्द, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचं नाव टाकून नेटवर बघा जरा." बघितलं तर वरून चौथं की पाचवं, ठळक मथळा, की या नावाच्या ठिकाणी जेवू नका. आमटीत रबर बँड निघालं, पैसे परत मागितले तर मालक अंगावर धावून आला. आत्या म्हणाली, "अरे पण माझ्याकडे रबर बँडच नाही, मी पिशवीला गाठ मारते." आतोबा म्हणाले, "अंगावर धावून? मी? गुडघे बघ माझे." दोघंही बरोबर बोलत होते पण मी ऐकतोय कुठे, माझं डोकं फिरलेलं.

मी उत्तर लिहायला बसलो. मला इथे दहा मिनिटं पुरत नाहीत, तिथे तर कोणी घड्याळ दाखवणारं नव्हतं. चांगल्या पंचवीस ओळी लिहिल्या, आत्याचं पूर्ण नाव, धंद्याचं नाव पाच वेळा, नौपाडा, बिल्डिंगचं नाव, आणि खात्री करायची असेल तर फोन करा म्हणून मोबाईल नंबरसुद्धा दिला, अक्कल बघा. आणि मग ती लिंक टाकली फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांनी जाऊन लिहा म्हणून. पुण्याचे काका लिहून आले, बदलापूरची वहिनी लिहून आली, एका मावशीने तर चुकून त्याच्याखाली गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला. पडून असलेलं पान ते, त्याला आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो.

आठ-दहा दिवसांत काय झालं, आत्याच्या धंद्याचं नाव आणि पुढे नौपाडा टाकलं की पहिल्या नंबरवर तेच. तोपर्यंत त्या पानावर नौपाडा हा शब्दच नव्हता हो. तो मी नेऊन ठेवला.

शनिवारी आत्तेबहीण आली, ती ऐरोलीला आयटीत आहे. चहा घेतला, फोन हातात घेतला आणि सावकाश पहिल्यापासून वाचायला लागली. मला म्हणाली, "दादा, तू हे वाचलंस?" म्हटलं पाठ आहे मला. "मग पहिली ओळ म्हण." पहिली ओळ होती, काल रात्री साडेअकराला चिकन थाळी मागवली. चिकन थाळी! आत्याच्या घरात अंडं येत नाही, आणि साडेनऊला लाईट बंद. ती पोस्ट भलत्याच शहरातल्या, भलत्याच माणसाच्या त्याच नावाच्या हॉटेलबद्दल होती. अख्ख्या खानदानाने मथळा वाचला, रबर बँड वाचलं, पहिली ओळ कोणीही वाचली नाही.

मग तिने जे केलं ते क्रमाने ऐका. आधी स्क्रीनशॉट काढले, तारीख आणि पूर्ण लिंक दिसेल असे. मग आमचंच लिहिलेलं आम्हाला काढायला लावलं. माझा पासवर्ड हरवलेला, अर्धा शनिवार त्यात गेला, आणि गुलाब तर सगळ्यात शेवटी निघाला. मग साईटवाल्याला चार ओळींचं पत्र, ही लिंक, हे हॉटेल आमचं नव्हे, आमचं शाकाहारी आणि नौपाड्यातलं, खाली कोणी आमचा नंबर-पत्ता उतरवून घेतला असेल तर काढा आणि तसा खुलासा टाका. मला त्यात 'कोर्टात खेचीन' घालायचं होतं, तिने खोडलं. आठवड्याभराने पान बदललं. पण गूगलवर खाली बारीक अक्षरात आत्याचा नंबर दिसतच होता, कारण गूगल त्या पानावर आपल्या सवडीने फिरकतं. त्यासाठी गूगलची जुनी माहिती ताजी करायची सोय आहे, साईट आपली नसली तरी ती कोणालाही वापरता येते, लिंक द्यायची आणि आधी पानावर होता पण आता नाही असा शब्द द्यायचा. पण पान बदललेलं असलं तरच. म्हणून म्हणतो, आधी पान, मग गूगल.

अरे बापरे, वेळ बघा. बाकीचं भराभर सांगतो.

साईटवाला दाद देत नसेल तर, आपल्याकडच्या २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे अशा साईट आणि ॲपवाल्यांना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याचं नाव-पत्ता साईटवर द्यावा लागतो, आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. तिथे समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन जाता येतं, या समित्या २०२३पासून आहेत. घरचा पत्ता, फोन, सही, बँक खात्याचा नंबर असं कोणी टाकलं असेल तर मात्र गूगलकडे थेट अर्ज करता येतो. तरी पान तिथेच राहतं, लक्षात ठेवा.

नग्न किंवा मॉर्फ केलेला फोटो असेल तर हे पत्रबित्र काही करत बसू नका. पुरावा ठेवा आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर फोन. आणि मुलीलाच ओरडत बसू नका, हे मी आईवडिलांना सांगतोय. बदनामी असेल तर आता भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम आहे, पण वकिलाकडे जायच्या आधी पहिली ओळ वाचा.

कोर्टाचं म्हणाल तर, २००३ साली अमेरिकेत बार्बरा स्ट्रायसंड या गायिकेने आपल्या बंगल्याचा फोटो नेटवरून काढावा म्हणून दावा लावला. तोपर्यंत तो फोटो सहा वेळा डाऊनलोड झाला होता, त्यातले दोन वेळा तिच्याच वकिलांनी. बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोक बघून गेले. आमच्या फॅमिली ग्रुपचीच मोठी आवृत्ती.

आणि "पहिल्या पानावरून काढून देतो, एवढे हजार द्या" असे फोन येतात, देऊ नका. गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. त्यापेक्षा आपलं खरं पान नीट ठेवा, फोटो, वेळा, पत्ता, म्हणजे ते वर येतं आणि दुसरं खाली सरकतं. आणि तक्रार खरीच असेल तर ती काढायच्या मागे न लागता रबर बँड शोधा, हे माझं मत, पटलं तर घ्या. मामलेदारची मिसळ झोंबते हे सगळं ठाणं सांगतं, रांग कुठे कमी झालीय.

चौथ्यांदा, आधी पान, मग गूगल.

आत्याचं विचाराल तर, वसंत विहारच्या ताई परत आल्या, या वर्षी एकशे एक्कावन्न सांगितलेत. फक्त नंबर तेव्हा कोणीतरी कुठेतरी उतरवून घेतलाय, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी रात्री उशिरा फोन वाजतो आणि चिकन थाळी आहे का विचारतात. आत्या झोपेतच सांगते, चिकन नाही हो, उद्या वालाचं बिरडं आहे, ठेवू का एक डबा?