कारुसोची रेषा

हे अर्कचित्र जरा नीट पाहा. गोल चेहरा, जाड मान, चार फटकाऱ्यांत आटोपलेलं अंग. खाली सही आहे, एन्रिको कारुसो. चित्रातला ऑपेरागायक तोच आणि चित्र काढणाराही तोच.

कारुसोचा जन्म १८७३ सालचा, नेपल्सचा. वडील कारखान्यात कामाला. मुलानंही तीच वाट धरावी म्हणून त्याला लहानपणीच यंत्रकामाच्या उमेदवारीला लावलं. तिथं आराखडे काढता काढता हाताला सफाई आली. गाण्याची कीर्ती बरीच नंतरची. एप्रिल १९०२मध्ये मिलानच्या एका हॉटेलात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं त्याची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली, शंभर पौंडांत. हाच गैसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला आला आणि त्यानं आपल्या गायिका गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरवला.

२३ नोव्हेंबर १९०३ला कारुसो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभा राहिला. या शहरात 'ला फोलिया दी न्यूयॉर्क' नावाचं इटालियन साप्ताहिक निघत असे. ते चालवणारे मार्त्सियाले सिस्का कारुसोचे मित्र झाले आणि त्याची चित्रं अंकात झळकू लागली. पुढं त्या चित्रांचं पुस्तकही निघालं. एका प्रयोगाचे अडीच हजार डॉलर घेणाऱ्या या माणसानं सिस्कांकडून चित्रांचे पैसे मात्र घेतले नाहीत.

ऑपेरा गायकांची अर्कचित्रं त्या काळात पुष्कळ निघत. पण बहुतेक चित्रकार प्रेक्षागृहात बसून चितारत. त्यांना दिसायचा तो पोशाख, ते हावभाव. कारुसो त्या गायकांच्या शेजारी उभा राहून गायचा. अंतोनियो स्कॉत्ती हा बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा गायक, त्याच्याच गावचा, जिवाभावाचा दोस्त. संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेरात हे दोघे समोरासमोर उभे ठाकत. अशा माणसाचं नाक, खांदे, उभं राहण्याची ढब कारुसोला पाठच असणार. म्हणून त्याच्या चित्रांत कुचेष्टा नाही, सलगी आहे. मला ही चित्रं मोलाची वाटतात ती यासाठीच.

१० डिसेंबर १९१०ला पुच्चिनीचा 'ला फान्चुल्ला देल वेस्ट' हा ऑपेरा मेट्रोपॉलिटनमध्येच पहिल्यांदा रंगमंचावर आला. संगीतसंचालन तोस्कानिनींचं, नायक कारुसो. पुच्चिनी, तोस्कानिनी, संगीतकार मालर, सगळे त्याच्या कागदावर येऊन गेले. आणि सगळ्यांत जास्त वेळा आला तो स्वतःच. कधी 'पाल्याच्ची' या ऑपेरातला, विदूषकाच्या वेशातला कानिओ, कधी नुसताच कारुसो. दुसऱ्याच्या नाकावर बोट ठेवणाऱ्यानं स्वतःला जराही सूट दिली नाही.

संग्राहकांची झुंबड त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. पत्नी डोरोथी यांनी आठवणींत लिहिलंय की, एका दुकानाच्या काचेआड कारुसोला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं आपणच काढलेलं चित्र दिसलं. त्यानं पत्नीला किंमत विचारायला आत पाठवलं. पंचाहत्तर डॉलर! दहा मिनिटांच्या कामाला एवढे पैसे मिळतात म्हटल्यावर स्वारी खूश झाली.

कारुसो २ ऑगस्ट १९२१ला नेपल्समध्ये वारला. त्याचे कागद, तबकड्या, पोशाख यांचा ध्यास घेतलेल्या चाहत्यांमुळं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याचं संग्रहालय उभं राहिलं. इटलीत लास्त्रा आ सिन्या इथल्या त्याच्या हवेलीतही एक आहे.

आता नव्यानं संग्रह करणाऱ्यांसाठी. पुस्तकातली पानं फाडून, चौकटीत बसवून ती मूळ चित्रं म्हणून खपवली जाऊ शकतात. कागद उजेडासमोर तिरका धरा. निबानं पडलेला खोलगट ओरखडा, रेषेच्या टोकाला साचलेली शाई छापील पानावर सापडत नाही. सहीजवळ गाव आणि साल असेल तर ते त्याच्या दौऱ्यांशी ताडून पाहा. आणि चित्र एखाद्या हॉटेलच्या कागदावर असेल, तर चौकट नीट बसावी म्हणून वरचं छापील नाव कृपा करून कापू नका. त्या रात्री तो कुठल्या गावी होता आणि तिथं काय गायला, याचा माग त्या नावावरूनच लागतो.