जाऊ दे, आणि तो आगंतुक 'टू'

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे इंग्रजी शिकायला निफाडकडचा एक मुलगा येतो. घरची द्राक्षबाग. दिवाळीच्या आगेमागे छाटणी चालू असते, त्यामुळे 'माझी सुट्टी' या निबंधात किल्ला कमी आणि बागच जास्त होती. त्यातलं एक वाक्य असं: 'माय फादर मेड मी टू कलेक्ट द स्टिक्स.' वडिलांनी मला काड्या गोळा करायला लावल्या. मी लाल पेनाने 'टू'वर रेघ मारली. पोरगं वहीकडे बघत राहिलं आणि म्हणालं, 'सर, मग करायलातला ला कुठे गेला?'

तीस वर्षं शिकवतोय, पण हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. चूक कुठून येते ते त्याने स्वतःच सांगितलं होतं. आपण 'करायला लावलं' म्हणतो, 'बसायला सांगितलं' म्हणतो. तो 'ला' डोक्यात घट्ट बसलेला असतो आणि इंग्रजी लिहिताना 'टू' होऊन बाहेर पडतो. 'सांगितलं'च्या बाबतीत तो बरोबर ठरतो: 'टोल्ड मी टू सिट'. 'मेड'च्या बाबतीत फसतो: 'मेड मी सिट'. मेक, लेट, सी, हिअर, वॉच, फील ही मोजकी क्रियापदं अशी आहेत की त्यांच्यामागून मी, हिम, हर, देम आलं, की पुढचं क्रियापद नुसतं येतं, 'टू'शिवाय.

नुसतं म्हणजे अगदी नुसतं. 'शी मेड हिम क्राय.' रडणारा एकटा आहे म्हणून 'क्राइज' नाही, काल रडला म्हणून 'क्राइड' नाही. इथे मुलं हमखास घसरतात. नियम पाठ करून घेण्याऐवजी मी त्यांना आपलंच 'जाऊ दे' दाखवतो. त्याला जाऊ दिलं. तिला जाऊ दिलं. सगळ्यांना जाऊ देतील. मला जाऊ देत नाहीत. दिलं, देतील, देत, सगळी धावपळ 'देणे' करतंय. 'जाऊ' मात्र जागचं हलत नाही. ना लिंग, ना वचन, ना काळ. शिवाय त्याला 'ला'ही नाही. 'लेट मी गो'मधलं 'गो' म्हणजे हे आपलं 'जाऊ'. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद झाला की दिवसातून दोनदा आपण म्हणतोच की, जाऊ दे.

पण या 'दे'चा एक खोडा आहे. आई चिडली की म्हणते, 'बाबा येऊ देत घरी, मग बघते.' किंवा, 'तो येऊ दे जरा!' इथे 'त्याला' नाही, सरळ 'तो' आहे. मराठीत हे शंभर टक्के चालतं. म्हणून मुलं लिहितात, 'लेट ही कम.' इंग्रजीत ते चालत नाही. 'लेट हिम कम'च. तेव्हा अशा वाक्याचं भाषांतर करायच्या आधी मनात 'तो'चा 'त्याला' करून घ्यायचा, काम होतं.

आता पाहण्या-ऐकण्याची क्रियापदं. नाशिकात गोदावरीला, म्हणजे आपल्या गंगेला, पूर आला की आपण धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर ऐकतो, आधी विचारतो, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत?' घाटावरच्या या मूर्तीवरूनच आपण पुराचं पाणी मोजतो. समजा, तुम्ही सकाळपासून घाटावर उभे होतात आणि पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आलेलं डोळ्यांदेखत पाहिलंत. तर म्हणाल, 'आय सॉ इट राइज.' सगळी चढण पाहिली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुमचा शेजारी रविवार कारंजा चौकातून घरी जाताना पाच मिनिटं डोकावून गेला. तो म्हणेल, 'आय सॉ इट राइझिंग.' त्याने चढतं पाणी पाहिलं, पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नाही. आपण दोन्हींना 'चढताना पाहिलं' म्हणून मोकळे होतो. मला विचाराल तर 'टू' चुकण्यापेक्षा हा फरक हुकणं जास्त नुकसानीचं आहे, कारण परीक्षेत त्याचा मार्क जात नाही आणि त्यामुळे तो कुणी शिकवतही नाही.

हा 'टू' इथेच का नाही, असंही त्या मुलाने विचारलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्या 'णे'सारखा एक प्रत्यय होता, 'अन'. गाणे म्हणजे 'सिंगन'. बोलता बोलता तो झिजून गेला आणि त्याची जागा बहुतेक ठिकाणी 'टू'ने घेतली. काही क्रियापदांच्या मागे तो शिरला नाही, काहींच्या मागे शिरून परत गेला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात तेविसाव्या स्तोत्रात 'ही मेकेथ मी टू लाय डाउन' असं आहे, चक्क 'टू'सकट. म्हणजे आमच्या निफाडकराचं वाक्य चुकलं नव्हतं, फक्त चारशे वर्षं उशिरा आलं होतं. हे त्याला सांगितल्यावर त्याने अर्धा मार्क मागितला. दिला नाही.

आणि गेलेला 'टू' एका वाटेने परत येतो. काम करून घेणारा बाजूला झाला, ज्याच्याकडून करून घेतलं तो पुढे आला, की 'आय वॉज मेड टू वेट'. एका कार्यालयात दाखल्यासाठी मला चार तास थांबायला लावलं, तेव्हा हे वाक्य मला फार समजलं. 'लेट'ला हा उलटा फेरा जमत नाही, तिथे 'अलाउड टू' घ्यावं लागतं. 'हेल्प' दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे: 'हेल्प मी लिफ्ट' म्हणा नाहीतर 'हेल्प मी टू लिफ्ट', दोन्ही बरोबर. 'हॅव हिम कॉल मी', पण 'गेट हिम टू कॉल मी'. अर्थ जवळपास तोच, तऱ्हा वेगळी. याला कारण विचारू नका, पाठ करा.

गेल्या आठवड्यात त्या मुलाने नवा निबंध आणला. 'माय फादर लेट मी ड्राइव्ह द ट्रॅक्टर ऑन द रोड.' 'टू' नाही, 'मी' जागेवर, 'ड्राइव्ह' नुसतं. व्याकरण बिनचूक. मुलगा नववीत आहे. लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो.