भिंतीवरची खडूची रेघ

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस लागला की कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर मलकापूर सोडून आंब्याकडं निघालेल्या गाड्यांना धुकं गाठतं. आंबा गाव मागं पडलं, घाट उतरायला लागला की कधी कधी बंपरच्या पुढचा पांढरा पट्टाही दिसेनासा होतो. गेली 26 वर्षं मी या रस्त्यावरच्या ट्रकांचं वायरिंग करतो. या दिवसांत ड्रायव्हर मंडळी येतात आणि सांगतात, "मिस्त्री, असा लाइट लावा की धुकं फाडून पलीकडचं दिसलं पाहिजे." आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. कारण धुकं फाडणारा दिवा बाजारात कुठंच मिळत नाही. फॉग लाइटचं काम वेगळं आहे, आणि ते कळलं की दुकानात काय मागायचं हेही कळतं.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक कण. दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला की चारी बाजूंना फाकतो, आणि त्यातला काही उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून धुक्यात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा उजेड, मारला की समोर चुन्याची भिंत उभी राहते. घरात चुलीचा धूर कोंडला असेल तेव्हा बॅटरी कपाळाशी धरून बघा, आणि मग तीच बॅटरी गुडघ्याशी धरून जमिनीकडं वळवा. कपाळाशी धरली तर धूरच दिसतो. गुडघ्याशी धरली तर जमीन दिसते. आपली नजर ज्या वाटेनं जाते, त्या वाटेतल्या धुरावर उजेड पडला नाही, एवढाच काय तो फरक.

फॉग लाइट हेच करतो. तो खाली असतो, त्याचा उजेड डावी-उजवीकडं रुंद पसरतो आणि वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा सपाट तुटतो. रस्त्याची कड, कडेचा पट्टा, कठड्याचा पाया एवढं तो दाखवतो. लांबचं दाखवणं त्याचं कामच नाही. ट्रकवाल्याला इथं एक फायदा आहे. त्याची सीट उंच, दिवा बंपरमध्ये. डोळा आणि दिवा यांच्यात अंतर जास्त, म्हणून उलटा येणारा उजेड कमी. हा आयता मिळालेला फायदा आपणच घालवतो, केबिनच्या टपावर चार दिवे ठोकून. धुक्यात टपावरचा दिवा म्हणजे कपाळाशी धरलेली बॅटरी. तो कृपा करून लावू नका.

आता रंगाचं. पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो असं सगळे सांगतात. तसं होत नाही. धुक्याचा कण उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळं पिवळा काय आणि पांढरा काय, तो सगळ्यांना जवळपास सारखाच फाकवतो. पण निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, आणि पिवळ्यात निळा जवळजवळ नसतोच. रात्रभर गाडी चालवणाऱ्याला पिवळा सुसह्य वाटतो तो यामुळं. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत मोटारींचे हेडलाइटसुद्धा पिवळेच असत. तेव्हा पिवळा घ्या, माझंही मत त्याच बाजूला आहे. फक्त त्यानं लांबचं दिसेल ही आशा ठेवू नका. घेऊ नये तो निळसर पांढरा, ज्याच्या खोक्यावर 6000 केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याहून जास्त आकडा असतो.

दुकानात गेल्यावर खोक्यावरचे वॅट आणि ल्युमेन बघू नका, दिव्याची काच बघा. युरोपीय नियमांप्रमाणे मंजूर झालेल्या फॉग लाइटवर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो, आणि जवळच बी किंवा एफ-3 अशी खूण असते. ही खूण समोरच्या फॉग लाइटची. तिचा अर्थ असा, की उजेडाची वरची कड खरोखर कापलेली आहे का हे कुणीतरी मोजून पाहिलेलं आहे. एलईडीची लांबडी पट्टी, जिला आपण बार लाइट म्हणतो, तिच्यातल्या बहुतेकींना ही कड नसते. ती पट्टी शेतात, खाणीत चालेल. घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे ती घालवते आणि तुमच्यापुढं भिंत उभी करते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसणं हाही असाच प्रकार. आतला आरसा बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीचे तुकडे त्या जागेवर, त्या आकारात नसतात, मग कड विस्कटते. एलईडी हवा असेल तर मूळचाच एलईडीसाठी बनवलेला दिवा घ्या. आणखी एक गोष्ट दुकानातच हात लावून बघा: दिव्याला फोकस वर-खाली करायचा स्क्रू आहे का, आणि ब्रॅकेट जाड आहे का. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट दोन खड्ड्यांत मान टाकतं.

वायरिंगबद्दल थोडंच सांगतो, पण ते मनावर घ्या. मोठा ट्रक 24 व्होल्टचा असतो, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. कारचा 12 व्होल्टचा दिवा स्वस्तात मिळाला म्हणून कुणी तो एकाच बॅटरीवर जोडतं. मी उमेदवारी करत होतो तेव्हा मीही एका गाडीला हे केलं. दिवे छान लागले. पण एक बॅटरी रोज उतरत राहिली, दुसरी रोज जास्त चार्ज होत राहिली, आणि मालकाची नवी जोडी वर्षाच्या आत गेली. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून 24 च्या गाडीला 24 चाच दिवा. 70 वॅटचे दोन हॅलोजन 24 व्होल्टवर जेमतेम 6 अँपियर घेतात. त्याला 10 अँपियरचा फ्यूज, तोही बॅटरीजवळ, आणि रिले, म्हणजे बटनाच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच, हवाच. बटनातून थेट दिव्याला वायर नेली तर बटन तापतं, व्होल्टेज वाटेत मरतं आणि दिवा लालसर जळतो. अर्थिंगची वायर रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घ्या.

आता फोकस. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण महागातला महाग दिवा इथंच वाया जातो.

गोडाऊनची किंवा पेट्रोल पंपाची एखादी सपाट भिंत शोधा, समोर जमीन सपाट हवी. टायरची हवा बरोबर करून घ्या. गाडी भिंतीकडं तोंड करून सरळ उभी करा आणि दिव्याच्या काचेपासून भिंतीपर्यंत दोरीनं मोजून 10 मीटर ठेवा. पावलांनी मोजू नका. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं घ्या. समजा 70 सेंटिमीटर आला. भिंतीवर जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर खडूनं आडवी रेघ ओढा, म्हणजे दिव्याच्या उंचीपेक्षा 20 सेंटिमीटर खाली. आता एका दिव्यावर पोतं टाका आणि दुसऱ्याचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड त्या रेघेला टेकवा. मग पोतं बदला. दोन्ही कडा एका रेघेत आल्या पाहिजेत, एक वर, एक खाली नको. उजेड सरळ पुढं हवा. डावा दिवा उजवीकडं किंवा उजवा डावीकडं वळवून क्रॉस करू नका. भिंतीवर कड दिसतच नाही, नुसता गोल डाग दिसतो, असं झालं तर तो फॉग लाइट नव्हे. दुकानदाराला परत करा.

10 मीटरला 20 सेंटिमीटर म्हणजे शंभराला दोन असा उतार. 70 सेंटिमीटरवरून निघालेली कड सपाट रस्त्यावर 35 मीटरवर जमिनीला टेकते. तेवढं पुरे आहे. दाट धुक्यात त्यापुढचं तसंही दिसत नाही.

पण ट्रकची गोष्ट कारसारखी नाही. आपण फोकस लावतो रिकाम्या गाडीचा आणि धावतो लोड गाडी घेऊन. कोकणातून चिरा भरून घाट चढणारी गाडी आठवा: मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसलेले, नाक वर. चाकांमधलं अंतर 5 मीटर धरा. मागची बाजू पुढच्यापेक्षा 10 सेंटिमीटर जास्त बसली तर हिशेब काय होतो? 5 मीटरला 10 सेंटिमीटर, म्हणजे शंभराला दोन. आपण काळजीनं दिलेला सगळा उतार तिथंच संपला. कड आता दिव्याच्या उंचीवर आडवी चालली, आणि चढाच्या वळणावर समोरच्याच्या डोळ्यांत शिरली. म्हणून फोकस नेहमीच्या लोडवर लावा. ते जमत नसेल तर रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत मागची-पुढची उंची मोजून फरक काढा, त्याचा वरच्यासारखा शंभराला किती असा उतार करा, आणि रिकामी असताना तेवढ्या उतारानं फोकस आणखी खाली ठेवा. रिकाम्या फेरीत उजेड जवळ पडेल. पडू द्या.

शेवटी एक तपासणी करा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम सांगतो, की गाडीपुढं 8 मीटरवर, उजव्या अंगाला अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला पुढचा दिवा दिपवता कामा नये. साधारण उंचीच्या माणसाचे उभं राहिल्यावर डोळे तेवढ्यावरच येतात. तर क्लीनरला तिथं उभं करू नका, ड्रायव्हरसाहेब, तुम्ही स्वतः उभे राहा. मग तिथंच खाली वाका, कारण कारमध्ये बसलेल्याचे डोळे त्याहून बरेच खाली असतात. आपला दिवा दुसऱ्याला कसा दिसतो हे तुम्ही स्वतः एकदा बघितलेलं असावं, असं मला फार वाटतं.

आणि एवढं करूनही वेग कमीच ठेवायचा आहे. हवामान खातं 200 मीटरच्या आत दिसलं तर दाट धुकं म्हणतं आणि 50 मीटरच्या आत गेलं तर अतिदाट. नाशिकचा कांदा घेऊन डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडं जाणाऱ्यांना हे अतिदाट धुकं चांगलं माहीत आहे. ताशी 40 वेगानं गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. समोरचं 25 मीटर दिसत असेल, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच निम्मा रस्ता संपलेला असतो. डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा उजेड, आणि फॉग लाइट दोन्ही लावून ठेवा, अप्पर विसरा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका. वळणावर तुम्ही कुठं वळणार हे मागच्याला कळत नाही. धुकं संपलं की फॉग लाइटचं बटन बंद करा. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टरची पट्टी चिखलानं झाकलेली असेल, तर घाटाच्या आधी उतरून फडकं मारा, मागून येणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

बंपर काढला, पाटे बदलले, पुढून ठोकर बसली, की फोकस पुन्हा बघायचा. सोपं जावं म्हणून मी फोकस लागला की स्क्रूच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की दिवा हलला. दुकानासमोरच्या भिंतीवरही मी 40 पासून 80 सेंटिमीटरपर्यंत कायमच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, आणि 10 मीटरवर जमिनीत एक वीट पुरली आहे. पावसाळ्यात रात्री साडेनऊ-दहाला दुकान बंद करताना एखादा ट्रक येऊन विटेपाशी उभा राहतो, ड्रायव्हर दिवे लावतो, खाली उतरून भिंतीकडं बघतो, मान हलवतो आणि घाटाकडं निघतो.

नमस्कार.