हेल्पर, 14 नग

नमस्कार श्रोतेहो. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 28 वर्षं टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, लेटमार्क, सगळं आमच्या खिडकीतून जायचं. मी लागलो तेव्हा दारावर पर्सोनेल डिपार्टमेंट अशी पाटी होती, पुढे ती ह्यूमन रिसोर्स झाली. पाटी काहीही असू दे, कंपनी माणसाला काय समजते ते कळायला त्याचं नाव कुठल्या कागदावर आहे तेवढं बघावं, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं.

पर्मनंट कामगाराचं नाव आमच्या मस्टरवर असायचं आणि त्याची सर्व्हिस फाइल असायची, त्यात जॉइनिंग लेटर, पोरीच्या लग्नासाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज, बोटाला लागलं तेव्हाचा ॲक्सिडेंट रिपोर्ट, अख्खा माणूस त्या फाइलीत सापडायचा. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाची फाइलच नाही. त्याचा कागद निघायचा परचेसमधून, जिथून कूलंट ऑइल, कॉटन वेस्ट आणि हातमोजे यायचे तिथूनच. एकदा हजेरी टॅली करायला असं एक बिल माझ्या टेबलावर आलं, त्यात लिहिलेलं होतं, हेल्पर, 14 नग.

नग! मी ते बराच वेळ बघत बसलो. कारण त्या 14 जणांतला एक प्रेसशॉपला 11 वर्षं होता, डाय सेट करताना अडलं की सुपरवायझर स्वतः त्याला हाक मारायचा, आणि त्या 11 वर्षांत कॉन्ट्रॅक्टर बदलले चार, दर वेळी हा कागदावर नवा, गेटपास नवा, सर्व्हिस पुन्हा पहिल्या दिवसापासून, मशीन मात्र तेच आणि हातही तेच.

आणि कायद्याला हा माणूस दिसत होता बरं का. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कामगाराची जी व्याख्या होती तिच्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेलाही कामगारच धरला होता. 1970 च्या कॉन्ट्रॅक्ट लेबर ॲक्टमध्ये तर कॉन्ट्रॅक्टरने पगार थकवला तर मूळ मालकाने तो द्यायचा असं होतं. पण आमच्या हिशेबात पर्मनंटचा पगार कामगारांच्या खर्चात आणि ह्यांचा इतर खर्चात, त्यामुळे मीटिंगमध्ये हेडकाउंट कमी झाला म्हणून सगळे खूश व्हायचे आणि शॉपवर बघावं तर माणसं तेवढीच. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

मालक म्हटला की असाच, असं मात्र मी म्हणणार नाही. नागपूरची एम्प्रेस मिल घ्या, 1877 ला सुरू झाली. लोक नेमाने कामावर यायचे नाहीत, खाडे फार. जमशेटजी टाटांनी काय केलं, मिलमध्ये हवा खेळती ठेवायची सोय केली, 1886 ला पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. आपल्याकडे त्या भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं! माणूस का येत नाही हे त्यांनी आधी बघितलं, दंडाची वही नंतर. पण सगळं असं मालकाच्या मनावर सोडूनही चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी कोणी आपणहून दिली नाही, नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून कामगार गोळा केले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला रविवार मिळाला. आज आपण सगळेच तो रविवार घेतो.

तर ते बिल. मी साहेबांना म्हटलं, नग काढता येत नसेल तर राहू दे, पण मागे नावांची यादी लावल्याशिवाय मी सही करणार नाही. साहेब चांगले होते, बरं म्हणाले. मग दर महिन्याला मी 14 नावं पूर्ण टाइप करायचो, वडिलांच्या नावासकट. ह्याने कोणी पर्मनंट झालं नाही, पगारही वाढला नाही. पण दुसऱ्याच महिन्यात तो प्रेसशॉपवाला जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आला, हात पुसून, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. यादीत त्याच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला.