एमआरआयचे चुंबक आणि वाकणारी तार

मंडळी, एमआरआय यंत्राबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रात्री दिवे मालवून, दाराला कुलूप लावून सगळे घरी गेले तरी आतले चुंबक चालूच असते. तपासणी सुरू व्हायच्या आधीच किल्ल्या, मोबाइल, कमरेचा पट्टा बाहेर ठेवायला लावतात, ते त्यासाठीच. यंत्र बसवताना तारेच्या वेटोळ्यात वीजप्रवाह सोडतात, वेटोळ्याची टोके एकमेकांना जोडतात आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतात. पुढे तो प्रवाह वर्षानुवर्षे आपला आपण फिरत राहतो, कारण त्याला तारेत रोधच, म्हणजे अडथळाच, नसतो. याला अतिसंवाहकता म्हणतात.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजन भरपूर. त्याची अणुकेंद्रे चुंबकाच्या प्रभावाखाली ठरावीक लयीत घुमतात. 1.5 टेस्लाच्या चुंबकात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या बळाचे माप) ही लय सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख फेऱ्यांची, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या थोडी खालची. त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडायच्या, केंद्रांकडून येणारा प्रतिसाद टिपायचा आणि त्यावरून चित्र बांधायचे. चुंबक जितके बलवान, तितका प्रतिसाद ठळक.

आता त्या तारेकडे येऊ. नेदरलँड्समधल्या लायडनचे शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी 1908 मध्ये हेलियमचा द्रव केला आणि 1911 मध्ये त्यांना दिसले की द्रव हेलियमच्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. असल्या तारेची बलवान चुंबके करावीत हे त्यांच्या लगेच मनात आले. त्यांनी शिशाचे वेटोळे करून पाहिले आणि तिथेच गाडी अडली. वेटोळ्यात प्रवाह वाढवला की त्याचे चुंबकीय क्षेत्र वाढते आणि ते क्षेत्रच शिशाची अतिसंवाहकता मारून टाकते! ही कोंडी फुटायला पन्नासेक वर्षे लागली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला निओबियम-टायटॅनियम हा मिश्रधातू हाती आला. तापमानाच्या दृष्टीने तो अगदी सामान्य, साडेनऊ केल्विनच्या, म्हणजे उणे 263 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाच्या, आतच अतिसंवाहक होतो. पण तो बलवान क्षेत्र सहन करतो आणि तांब्याच्या आवरणात घालून त्याची मैलोनमैल लांब तार ओढता येते. आज जगातल्या बहुतेक दवाखान्यांतली मोठी चुंबके याच तारेची आहेत.

मग 1986 उजाडले. झुरिकमध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर या शास्त्रज्ञांना तांब्याच्या ऑक्साइडांत बऱ्याच वरच्या तापमानाला अतिसंवाहकता सापडली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळाले. त्याच 1987 साली 93 केल्विनवर चालणारा पदार्थ निघाला. म्हणजे महागड्या हेलियमऐवजी द्रव नायट्रोजनवर भागणार. लोक नाचले, आणि नाचण्यासारखेच होते ते. पण तो पदार्थ म्हणजे चिनी मातीच्या जातीचा. वाळलेल्या पापडाची गुंडाळी करून बघा, काय होते ते! शिवाय त्याचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांशी थोडे जरी तिरके बसले तरी मधल्या सांध्यावर प्रवाह अडतो. यावर उपाय निघाला तो धातूच्या पातळ पट्टीवर एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, सगळे स्फटिक एका दिशेने लावलेला थर चढवण्याचा. अशा पट्टीच्या वेटोळ्याच्या मदतीने अमेरिकेतल्या टालाहासीच्या प्रयोगशाळेने 2019 मध्ये 45.5 टेस्लापर्यंत मजल मारली. पट्टी मात्र अजून महागच आहे.

2023 च्या जुलैत कोरियातून एलके-99 नावाच्या पदार्थाची आरोळी आली, ती आठवत असेल. म्हणे, नेहमीच्या तापमानाला अतिसंवाहक. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला, आणि काही हाती लागले नाही. रोध एकदम घसरतो तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, असे निघाले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. काही आठवड्यांत निकाल लागला, हे उत्तमच झाले. पण तो दावा खरा ठरला असता तरी माझा पहिला प्रश्न हाच असता की याची तार निघते का?

या काळातले मला भावलेले काम विक्रमी तापमानाचे नाहीच. पॅरिसजवळच्या साक्ले इथे 11.7 टेस्लाचे इझ्यूल्ट नावाचे यंत्र आहे. 132 टन वजन, 182 किलोमीटर तार, आणि तार तीच जुनी, निओबियम-टायटॅनियमची. नेहमीच्या 4.2 केल्विनवर ती 11.7 टेस्लाला टिकत नाही, म्हणून हेलियम 1.8 केल्विनपर्यंत थंड करतात. उभारणीला जवळजवळ वीस वर्षे लागली. 2024 मध्ये त्यातून जिवंत माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे बाहेर आली, चार मिनिटांत 0.2 मिलिमीटरचा तपशील दाखवणारी.

पण तार इतकी थंड ठेवायची, तर हे सगळे हेलियमच्या जिवावर. त्याची पहिली खूण 1868 च्या सूर्यग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटात सापडली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने ती विजयदुर्गावरून पाहिली असे आपल्याकडे आवर्जून सांगतात. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला 1898 च्या ग्रहणाला. त्याने किल्ल्याचे महत्त्व कमी होत नाही, पण साल नीट सांगावे.

पृथ्वीवरचे हेलियम युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तयार होते आणि नैसर्गिक वायूबरोबर बाहेर येते. ते देणारे देश थोडेच. 2017 मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभर धावपळ झाली. नेहमीच्या यंत्रात दीड हजार लिटरच्या आसपास द्रव हेलियम असते. तार कुठे तापली तर ते सगळे उकळून शेकडो पट फुगते आणि छतावरच्या नळीतून निघून जाते. आता सुमारे 7 लिटर हेलियम कायमचे बंद करून ठेवलेली चुंबकेही मिळतात. आपल्याकडे मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने इतर संस्थांबरोबर देशी 1.5 टेस्ला यंत्राचे काम हाती घेतले, आणि 2025 मध्ये त्याच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला.

काही जणांनी मात्र उलटी वाट धरली आहे. लायडनच्याच संशोधकांनी निओडिमियमचे छोटे चुंबक-ठोकळे गोलाकार रचून 0.05 टेस्लाच्या जवळपासचे यंत्र बनवले. त्याला ना हेलियम लागते, ना अतिसंवाहक तार. चित्र धूसर येते. पण बाळाच्या डोक्यात पाणी साठले आहे का, हे बघायला तेवढे चालते, आणि युगांडातल्या म्बारारा इथे ते त्याच कामासाठी नेले आहे.