तिबिलिसीत जेवायला जाताना

नमस्कार श्रोतेहो.

आज जेवायला जायचंय तिबिलिसीला. जॉर्जिया या देशाची ही राजधानी. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशसच्या डोंगरांत हा देश आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बरीच मुलं तिथे डॉक्टरकी शिकायला जातात, आणि मग कधीतरी आईवडील, आजीआजोबा त्यांना भेटायला निघतात. निघण्याआधी घरोघरी एकच प्रश्न असतो, तिथे आम्ही शाकाहारी माणसांनी खायचं काय?

तर हाताशी कागद असेल तर एक शब्द लिहून घ्या. समारख्वो. पुन्हा सांगते, समारख्वो. म्हणजे उपासाचं जेवण. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासात मांस चालत नाही, अंडं चालत नाही, दूध, लोणी, चीज काहीच चालत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, आणि ईस्टरच्या आधी तर सलग सात आठवडे. धान्य, कडधान्य, भाज्या, अक्रोड मात्र चालतात. इतके दिवस चवीने जेवायचं म्हटल्यावर तिथल्या बायकांनी भाज्यांत जे काही करून ठेवलंय, ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट जसं सगळ्यात पडतं, तसा तिथे अक्रोड.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगते. आज हा विषय घेतला तो खरं तर तिच्यासाठीच.

आत्या वाईची. कांदा-लसूण खाते, पण अंड्याचा नुसता वास आला तरी पानावरून उठते. तिचा नातू तिबिलिसीत तिसऱ्या वर्षाला होता, आणि तिला सोबत म्हणून मी गेले होते. मार्च महिना, ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झालेला. नातू आम्हाला सोलोलाकी भागात घेऊन गेला. हा जुन्या शहरातला भाग, लाकडी सज्जांच्या घरांचा. तिथे चार पायऱ्या उतरून तळघरात एक छोटी खाणावळ होती. आत्या पायरीवरच थांबली. "अरे, आधी विचार, भांडी वेगळी आहेत का?" नातवाने आत जाऊन तो शब्द उच्चारला, समारख्वो. वाढणारी मुलगी हसली आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, माझाही उपास आहे. नातवाने ते मराठीत सांगितलं आणि आत्या आत येऊन बसली. भांड्यांचं पुन्हा काही विचारलं नाही.

पहिल्यांदा आली फ्खाली. पालकाची, बीटची आणि कोबीची, प्रत्येकाचा छोटा गोळा, वर डाळिंबाचे दाणे. मग वांग्याचे लांब काप, तळून, आत अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळलेले. मग मातीच्या भांड्यात लोबिओ, म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची दाट उसळ, आणि सोबत म्चादी, म्हणजे मक्याची जाड भाकरी. आत्याने पालकाचा एक घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाली, "मेथी आहे यात." दुसरा घास. "धने आहेत, लसूण आहे." तिसरा घास झाल्यावर म्हणाली, "आणखी काहीतरी आहे, ते ओळखू येत नाही. बोलाव त्या बाईला."

स्वयंपाकीणबाई आल्या. आत्याच्याच वयाच्या, कोपरापर्यंत पिठाचे हात. नातवाने विचारलं, तशा त्या आत गेल्या आणि दोन बरण्या घेऊन आल्या. पहिल्या बरणीत हिरवट पूड. ती तिकडची मेथी, निळ्या फुलांची, आपल्या मेथीपेक्षा कितीतरी कमी कडू. तिला उत्स्खो सुनेली म्हणतात. दुसऱ्या बरणीत केशरी-पिवळी पूड. आत्याने चिमूटभर तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, वास घेतला, पुन्हा घेतला. आणि एकदम ओरडली, "अगं, हा तर झेंडू!"

झेंडूच होता तो, श्रोतेहो. दसऱ्याला आपण टोपलीने आणतो, तोरणं करतो आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतो. जॉर्जियात, विशेषतः इमेरेती प्रांतात, झेंडूच्या पाकळ्या वाळवून, दळून जेवणात घालतात. रंगाला आणि मंद वासाला. फक्त एक सांगते, आणि पुन्हा सांगणार आहे : आपल्या बाजारातल्या हाराच्या फुलांवर फवारणी असते. ती खाऊ नका. ती अजिबात खाऊ नका.

मग त्या बाईंनी आत्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. टेबलाच्या कडेला हाताने फिरवायचं यंत्र बसवलेलं. अक्रोड आणि लसूण त्यातून दोनदा काढायचं. मग त्यात कोथिंबीर, धने, मिरची, मीठ, मेथी, झेंडू. ते वाटण बाईंनी मुठीत घेऊन दाबलं, तसं बोटांच्या फटींतून पिवळसर तेल ठिबकायला लागलं. ते त्यांनी वाटीत धरून ठेवलं, वरून सोडायला. मग उकडलेला पालक पिळायचा. आत्याने पदर खोचला आणि पालक पिळला, अगदी कोरडा केला. बाईंनी तो हातात घेऊन पुन्हा पिळला, तर आणखी पाणी निघालं! आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचा हात बघ." शेवटी थोडा व्हिनेगर, सगळं कालवून गोळा, त्यावर अंगठ्याने खळगा आणि खळग्यात डाळिंबाचे दाणे.

आत्याने काय करावं? पर्समधून मेतकुटाची डबी काढली. प्रवासात ती डबी तिच्याजवळ असतेच. बाईंनी बोटावर घेऊन चाखलं. धने लगेच ओळखले. मेथी ओळखली. हळद रंगावरूनच कळली. आणि हिंगापाशी अडल्या. डबी नाकाशी नेली, लांब केली, पुन्हा नेली. नातवाला हिंगाचा जॉर्जियन शब्द येईना. मग बाईंनी ताटलीत ते अक्रोडाचं तेल ओतलं, त्यात मेतकूट कालवलं, शोतीचा तुकडा मोडून त्यात बुडवला आणि वाढणाऱ्या मुलीला हाक मारून तिच्या तोंडात घातला. शोती म्हणजे तिकडचा तंदूरसारख्या तोने भट्टीत भाजलेला लांबट पाव. मुलीने दुसरा तुकडा स्वतःच मोडून घेतला. आत्या डबी तिथेच ठेवून आली, आणि येताना कागदाच्या पुडीत झेंडूची पूड घेऊन आली.

म्हणून मला आपल्या सहलींबद्दल फार मनापासून सांगायचंय. सोबत महाराज नेऊन परदेशात तिन्ही त्रिकाळ वरण-भात, पोळी-भाजी वाढणाऱ्या सहली असतात. पथ्याच्या माणसांना त्यांचा आधार आहे, हे मान्य. पण धडधाकट माणसाने सात दिवस तिबिलिसीत राहून बटाट्याची भाजी खाऊन परत यावं, याचं मला वाईट वाटतं. एक वेळ तरी तिथलं जेवा. डबी जवळ असू द्या, पण जेवा.

आता मुद्द्याच्या गोष्टी भराभर सांगते. खिंकाली, म्हणजे उकडीच्या मोदकासारख्या चुण्यांचे मोठे उंडे. हे मूळचे डोंगरातले. आत सहसा मांस असतं, म्हणून मागताना 'सोको' म्हणा, म्हणजे मशरूम, किंवा 'कार्तोपिली', म्हणजे बटाटा. देठाला धरायचं, बाजूला छोटा घास घेऊन आधी रस ओढून घ्यायचा, मग खायचं. देठ ताटात ठेवायचं. वर मिरपूड, दुसरं काही नाही. खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी. इमेरुली गोल असते, मेग्रुलीत वरूनही चीज, आणि आचारुली होडीच्या आकाराची, तिच्यात अंडं असतं. अंडं असतं, हे लक्षात ठेवा. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी तर महागाई मोजायला 'खाचापुरी निर्देशांक' काढलाय. एक इमेरुली खाचापुरी घरी करायला किती खर्च येतो, ते बघतात. लोबियानी म्हणजे घेवड्याचं सारण भरलेली रोटी. ती खुशाल खा, पण राचुली लोबियानी नको, तिच्यात डुकराचं मांस असतं. आणि सात्सिवी दिसते अक्रोडाची आमटी, पण आत टर्की किंवा कोंबडी असते.

नव्या पद्धतीच्या हॉटेलांबद्दल तिथे वाद आहेत. तेकुना गाचेचिलाद्झे या शेफबाई त्यांत आघाडीवर. चाकापुली हा ईस्टरचा पदार्थ कोकराच्या मांसाचा, तारखून या सुगंधी पाल्याची (इंग्रजीत टॅरागॉन) पानं आणि आंबट हिरवे आलुबुखार घालून केलेला. त्यांनी तो समुद्रातल्या शिंपल्यांचा केला, आणि जुन्या वळणाच्या लोकांनी नाकं मुरडली. मला त्यांचं करणं पटतं. तारखून तोच, आलुबुखार तेच, चव जागेवर आहे. आघमाशेनेबेली रस्त्यावरचं बार्बारेस्तान हे हॉटेल तर उलट मागे गेलं. बार्बारे जोर्जाद्झे या एकोणिसाव्या शतकातल्या बाईंनी 1874 मध्ये पाककृतींचं पुस्तक छापलं. स्त्रियांच्या हक्कांबद्दलही त्या वर्तमानपत्रांतून लिहीत. त्या पुस्तकातले पदार्थ हे हॉटेल आज करून वाढतं. मालक कुटुंबातलीच माणसं तुमच्या टेबलाशी येऊन पदार्थाबद्दल सांगतात. तिथे आधी टेबल राखून ठेवा.

तिथली वाइन मातीच्या मोठ्या रांजणांत, जमिनीत पुरून करतात. त्या रांजणांना क्वेव्री म्हणतात, आणि या पद्धतीची युनेस्कोने 2013 मध्ये वारसा म्हणून नोंद केली. न पिणाऱ्यांनी लागीद्झेचं पाणी मागवावं. मित्रोफाने लागीद्झे यांनी 1887 मध्ये कुताइसी गावात सुरू केलेलं हे सरबत, सोड्यात पाक घालून केलेलं. तारखूनचं घ्या, ते हिरवंगार असतं. आणि पदार्थ मागवताना चौघांत चारच मागवा, सगळे मध्ये ठेवा, तिथे तशीच रीत आहे. ताटल्या मोठ्या असतात, लागलं तर आणखी मागवता येतं.

नमस्कार.