पोरं बदलतात, घर तेच राहतं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत वाढलेली किंवा तिथे शिकायला गेलेली आपल्याकडची मुलं पहिल्या सत्रात घरी फोन करून सांगतात, "आई, मी रश करतोय." आईला काही उमगत नाही. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची ग्रीक अक्षरांच्या नावाची बंधुसंघटना; पुष्कळ ठिकाणी तिचं स्वतःचं राहतं घरही असतं. रश म्हणजे तिच्यात प्रवेश घेण्याआधीचा गाठीभेटींचा काळ. त्यातून जे निमंत्रण मिळतं त्याला म्हणतात बिड. ते स्वीकारलं की काही आठवडे उमेदवारी, मग दीक्षाविधी आणि त्यानंतर आयुष्यभराचं सदस्यत्व. यातला 'आयुष्यभर' हा शब्द लक्षात ठेवा, आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

इतिहास थोडक्यात. ग्रीक अक्षरांची पहिली संघटना, फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. पुढे ती हुशार विद्यार्थ्यांचा मानसन्मान करणारी संस्था झाली. आजच्या वळणाच्या फ्रॅटर्निटी १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झाल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात. दक्षिण आशियाई मुलांची आयोटा न्यू डेल्टा १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात आणि डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये टेक्सासात, ऑस्टिनला. आपल्या मराठी घरांतली मुलं यांतही दिसतात आणि जुन्या, घर असलेल्या संघटनांतही.

एका कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. त्याची खरी अडचण अशी, की चार वर्षांत त्यातला प्रत्येक माणूस बदलतो. आज जो अध्यक्ष आहे तो तीन वर्षांपूर्वी दारात बूट काढून उभा होता, आणि दीड वर्षानं तो तिथे नसणार. विशीतल्या या पोरांच्या हाती काही लाख डॉलरांचं घर, विमा, स्वयंपाकी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी असं सगळं येतं. बहुतेक ठिकाणी निवडणूक नोव्हेंबरात होते आणि नवे पदाधिकारी जानेवारीत काम सुरू करतात. चॅप्टर बिघडतो तो बहुधा या दोन महिन्यांच्या फटीत.

खजिनदाराचंच घ्या. बँकेतली सही बदलायला निवडणुकीच्या सभेचं इतिवृत्त लागतं, आणि बऱ्याच शाखांत जुना आणि नवा खजिनदार दोघंही समोर हवे असतात. जुना परीक्षा संपवून घरी गेला, की जानेवारीचा किराणा कुणाच्या तरी क्रेडिट कार्डावर येतो. तिथून हिशेबाचा जो गुंता सुरू होतो तो मे महिन्यापर्यंत सुटत नाही. दुसरी चूक यादीची. संघटनेचं मुख्यालय वर्गणी आणि विमा माणशी आकारतं, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या यादीवरून. सोडून गेलेल्या सहा जणांची नावं काढायची राहिली, तर त्या सहा जणांचे पैसे उरलेल्यांच्या खिशातून जातात. तिसरी चूक सगळ्यांत साधी. मित्राकडे थकबाकी मागायला लाज वाटते. त्यावर एकच उपाय चालतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात हप्त्यांच्या तारखा लिहून सही घ्यायची, आणि हप्ता चुकला की मतदान आणि कार्यक्रम बंद हा नियम आधीच सभेत मंजूर करून घ्यायचा. मग पैसे नियम मागतो, मित्राला मागावे लागत नाहीत.

आता माजी सदस्य. घर सहसा चॅप्टरच्या नावावर नसतं. माजी सदस्यांची वेगळी नोंदणीकृत संस्था असते, हाउस कॉर्पोरेशन. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीसारखीच ही मंडळी छप्पर, बॉयलर आणि आग विझवणारे फवारे यांच्या काळजीत म्हातारी होतात. गणित निर्दय असतं. समजा घरात ३० खाटा आहेत, खाटेमागे महिना ९०० डॉलर, करार दहा महिन्यांचा. चार खाटा रिकाम्या राहिल्या की वर्षाला ३६ हजार डॉलरांचा खड्डा. म्हणून पुष्कळ चॅप्टरांत दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं असतं. हा नियम बिड देण्याआधी सांगितला नाही, तर मुलगा सप्टेंबरात बाहेर फ्लॅट घेऊन बसतो आणि भांडण वकिलापर्यंत जातं. घरच्यांनीही सही करण्यापूर्वी हेच एक कलम शोधून वाचावं.

देणगीतही एक खाच आहे. हाउस कॉर्पोरेशनला दिलेल्या पैशांवर देणाऱ्याला सहसा करसवलत मिळत नाही. ती मिळते शिक्षणासाठी वेगळ्या स्थापन केलेल्या फाउंडेशनला दिल्यावर, आणि तो पैसा पार्टीला किंवा फर्निचरला वळवता येत नाही. शिवाय वर्षाला सहसा ५० हजार डॉलर किंवा कमी जमा असलेल्या अशा संस्थेला कर खात्याकडे एक छोटंसं ई-पोस्टकार्ड भरावं लागतं. दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं राहिलं, तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो. हिशेबाचं वर्ष डिसेंबरला संपत असेल तर मुदत १५ मे, म्हणजे नेमकी पोरं सामान बांधत असतात तेव्हा. हे काम विद्यार्थ्याकडे नकोच, ते माजी सदस्यानं आपल्या कॅलेंडरात घालावं.

मात्र माजी सदस्य हे नेहमी वरदान असतात असं समजू नका. हेझिंग, म्हणजे नव्यांचा छळ, हा चॅप्टरात बहुतेकदा 'आमच्या वेळी' या दोन शब्दांतून शिरतो. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या शनिवारी, फुटबॉलच्या सामन्याआधी, चाळिशीतला माणूस हातात ग्लास घेऊन आपल्या प्लेजपणाचे, म्हणजे उमेदवारीच्या दिवसांतले, किस्से रंगवतो. आपण फक्त हसवलं असं त्याला वाटतं. समोरच्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्यात परंपरा दिसते. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ मध्ये कायदा झाला. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे होतेच, पण कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर करायला लावणारा संघराज्याचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये आला. आता दोषी ठरलेल्या संघटनेचं नाव कॉलेजच्या संकेतस्थळावर येतं. बिड घेण्याआधी ते पान उघडून बघायला पाच मिनिटं पुरतात.

सल्लागार म्हणून नेमलेल्या माजी सदस्यानं काय करावं? आठवड्याच्या सभेला मागच्या खुर्चीवर बसावं, मत देऊ नये, आणि महिन्यातून एकदा बँकेचं पत्रक खजिनदाराच्या वहीशी ताडून बघावं. वर्गणीची तूट स्वतःच्या चेकनं भरून काढायचा मोह आवरावा. एकदा भरली की पुढच्या खजिनदाराच्या अंदाजपत्रकात ती जमेच्या बाजूला लिहिली जाते.

आणि चॅप्टर बंद झालाच तर? मुख्यालय चॅप्टर चालवण्याची सनद परत घेतं. दीक्षाविधीची पुस्तकं परत मागवली जातात. त्या वेळचा शेवटचा सदस्य पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत, म्हणजे चारेक वर्षं, सहसा पुन्हा उघडू देत नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नसतात. मग हाउस कॉर्पोरेशनची चार-पाच माणसं घर बाहेरच्या विद्यार्थ्यांना भाड्यानं देतात. जिन्यातले कंपोझिट, म्हणजे दर वर्षीच्या सदस्यांच्या लहान लहान लंबगोल फोटोंच्या मोठ्या चौकटी, ते भिंतीवरून उतरवतात, मागे पेन्सिलीनं साल लिहितात, जुन्या चादरींत गुंडाळतात आणि कुणाच्या तरी गॅरेजात उभ्या करून ठेवतात.